गाडी बंद पडली, बंद केली की बंद ठेवली?

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय: आमच्या भागात प्रवासी गाडी परत मिळावी म्हणून निवेदन लिहितोय, त्यात 'बंद पडलेल्या लोहमार्गाचे पुनरुज्जीवन करावे' हे शब्द बरोबर आहेत का?

व्याकरणाने बरोबर आहेत, पण निवेदनात घालू नका.

'बंद पडणे' म्हणजे आपसूक थांबणे. विहिरीवरचा पंप बंद पडतो, घड्याळ बंद पडतं. त्यात कुणाचा निर्णय नसतो. गाडी कुणीतरी ठरवून 'बंद केलेली' असते, आणि ज्याने केली त्याच्याकडेच मागणी करायची असते. 'पडली' म्हटलं की तोच वाक्यातून निसटतो. तिसरं रूप 'बंद ठेवणे', पुन्हा चालू करायच्या बोलीवर. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरच्या प्रवासी गाड्या बंद ठेवल्या होत्या. 'बंद ठेवलेली गाडी' असं लिहिलं की 'मग चालू कधी करणार?' हे वेगळं विचारावं लागत नाही. मला हे रूप सगळ्यात जोरकस वाटतं.

आता 'पुनरुज्जीवन'. मुळात बंद काय आहे, लोहमार्ग की गाडी? अळनावर–दांडेली लाईन पाहा. तिथली प्रवासी गाडी बरीच वर्षं बंद होती, पण मालगाडीसाठी रूळ होतेच. म्हणून तर नोव्हेंबर २०१९ मध्ये, बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, दांडेलीजवळच्या आंबेवाडीपर्यंत पॅसेंजर पुन्हा सोडता आली. अशा मार्गाला 'पुनरुज्जीवन' म्हटलं तर रूळ उखडलेत, झुडपं माजलीत असंच कुणालाही वाटेल, आणि अर्ज वाचणारा साहेब आधी खर्चाचा आकडा विचारेल.

बोलताना आपण ही गल्लत करत नाही. लाईन 'टाकतात', रूळ 'काढतात', गाडी 'सोडतात'. कित्तूरवरून बेळगाव–धारवाड मार्गासारखी नवी लाईन हवी असेल तर ती 'टाकावी'. आहे त्या रुळांवर गाडी हवी असेल तर ती 'सोडावी'.

तेव्हा सरळ लिहा: 'या मार्गावर बंद ठेवलेली प्रवासी गाडी पुन्हा सोडावी.' खाली थांबे आणि वेळा द्या. आणि नुसतं 'पॅसेंजर' नको, 'पॅसेंजर गाडी' लिहा. 'पॅसेंजर वाढले' आणि 'पॅसेंजर वाढल्या' यांत शेवटच्या एका अक्षराने माणसांच्या गाड्या होतात.