वाचकांचे प्रश्न : मासे पुष्कळ, पण वाढ खुंटलेली

प्रश्न : आमच्या तलावात मासे भरपूर दिसतात, परंतु काही वर्षांपासून वीतभरापेक्षा मोठा मासा जाळ्यात येईनासा झाला आहे. लहान मासे धरण्यास आम्ही बंदी घातली, दरवर्षी बोटुकलीही (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडली, तरी मासा मोठा होत नाही. असे का होत असावे?

उत्तर : आपण योजलेले दोन्ही उपाय मासे कमी झालेल्या तलावासाठी योग्य आहेत, आपल्या पत्रातील वर्णन मात्र मासे प्रमाणाबाहेर वाढलेल्या तलावाचे वाटते. माशाची वाढ सस्तन प्राण्यांप्रमाणे ठरावीक वयाला थांबत नाही. अन्न व ऊब मिळेल तसा तो वाढत जातो, आणि अन्न पुरेसे मिळाले नाही तर आहे त्याच आकारात वर्षानुवर्षे जगू शकतो. तलावात दरसाल तयार होणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), कीटकांच्या अळ्या, गोगलगायी आणि कृमी यांना मर्यादा असते. त्यामुळे त्यांच्यावर पोसले जाणारे माशांचे एकूण वजनही मर्यादित राहते. ते वजन हजार माशांत विभागले जाते की दहा हजार माशांत, यावर प्रत्येक माशाचा आकार ठरतो. दाट उगवलेल्या पिकाची विरळणी केली नाही तर सारीच रोपे किरटी राहतात, तसाच हा प्रकार आहे.

तिलापियासारख्या माशात ही अडचण लवकर उद्भवते. त्याची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या प्रमाणात वाचतात. शिवाय गर्दी झालेल्या पाण्यात हा मासा काही महिन्यांच्या वयात आणि अगदी लहान आकारातच अंडी घालू लागतो. मिळालेले थोडे अन्न शरीराऐवजी प्रजननावर खर्च होते आणि गर्दी आणखी वाढते.

तरीही बंदी उठवण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण जाळ्यात केवळ लहान मासे येणे हे दोन परस्परविरुद्ध परिस्थितींचे लक्षण असू शकते. अतिमासेमारी झालेल्या तलावातही लहानच मासे मिळतात. पण ते वयानेही लहान असतात, कारण मोठे होण्याआधीच ते धरले जातात. वाढ खुंटलेल्या तलावातील तेवढाच मासा वयाने प्रौढ असतो. माशाचे वय खवल्यांवरील वलयांवरून ओळखता येते. जेथे ऋतूंमधील फरक सौम्य असतो तेथे ही वलये अस्पष्ट असतात आणि कानातील चुनखडीचा बारीक खडा तपासणे अधिक भरवशाचे ठरते. शक्य तितक्या निरनिराळ्या लांबीचे मासे जाणकाराकडून तपासून घ्यावेत. वीतभर मासे एक-दोन वर्षांचे निघाले, तर बंदी कायम ठेवावी. पाच-सहा वर्षांचे निघाले, तर बोटुकली सोडणे ताबडतोब थांबवून लहान माशांची मासेमारी वाढवावी लागेल.

याचे एक उत्तम उदाहरण उत्तर नॉर्वेतील टाकव्हाटन सरोवराचे आहे. तेथे मूळचा ट्राउट मासा अतिमासेमारीने कमी झाला आणि 1930च्या सुमारास आणून सोडलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा इतका वाढला की सरोवर खुरट्या चारने भरून गेले. 1984 ते 1989 या काळात संशोधकांनी पिंजरे लावून तेथून सुमारे 31 टन चार जातीचे मासे काढले. त्यानंतर उरलेल्या चारची वाढ सुधारली, ट्राउटला खाण्याजोगे चार जातीचे लहान मासे पुन्हा मिळू लागले, आणि ट्राउटची संख्या वाढली. ही सुधारणा वीस वर्षांनंतरही टिकून होती, कारण मोठे ट्राउट चारची संख्या आटोक्यात ठेवू लागले होते. मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, चार जातीचे मासे थोडेथोडके काढून भागले नसते. गर्दी अर्धवट कमी केली तर उरलेल्या माशांची पिल्ले अधिक प्रमाणात जगतात आणि दोन-तीन हंगामांत पूर्वीची स्थिती परत येते.

प्रश्न : लहान मासा सोडावा आणि मोठा ठेवावा, असा नियम सर्वत्र ऐकतो. तो बरोबर आहे का?

उत्तर : अर्धाच बरोबर आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा सोडून देण्यामागील हेतू स्पष्ट आहे, पण सर्वांत मोठ्या मादीला तिच्या आकाराइतकेच मोल आहे, हे लक्षात घेतले जात नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, आणि अंड्यांची संख्या किमान त्याच प्रमाणात, बऱ्याच जातींत त्याहूनही अधिक वाढते. शिवाय दरवर्षी मोठेच मासे काढत गेल्यास लवकर प्रौढ होणारे व लहान राहणारे मासे मागे उरतात आणि पुढील पिढ्यांत त्यांचेच गुण उतरतात. म्हणून अनेक ठिकाणी मधल्या आकाराचेच मासे ठेवण्याची मुभा असते आणि फार लहान व फार मोठे दोन्ही सोडावे लागतात. गळाने मासेमारी करणाऱ्यांना हा नियम सहज पाळता येतो. अडकजाळ्यातून (ज्याच्या छिद्रांत मासा कल्ल्यांशी अडकतो अशा जाळ्यातून) सुटका झालेला मासा मात्र कल्ल्यांना इजा झाल्याने बहुधा जगत नाही. तेथे जाळ्याच्या आसाचे (छिद्राचे) माप ठरवणे हाच उपाय आहे. बारीक माशाला आसातून पार होता येते आणि फार मोठ्याचे डोके त्यात शिरत नाही, त्यामुळे आसाच्या मापावरून कोणत्या आकाराचा मासा अडकेल हे बऱ्याच अंशी ठरते.

प्रश्न : पाण्याखालचे मासे मोजतात कसे?

उत्तर : सर्वांत जुनी व अजूनही उपयोगी पद्धत खूण करून पुन्हा पकडण्याची आहे. डॅनिश जीवशास्त्रज्ञ योहानेस पीटरसन यांच्या 1896मधील कामाशी तिचे नाव जोडले जाते. समजा, 200 मासे पकडून, पराला खूण करून सोडले. काही दिवसांनी 150 मासे पकडले आणि त्यांत 10 खुणेचे निघाले. म्हणजे पंधरातील एक मासा खुणेचा आहे, त्यावरून तलावात सुमारे 3000 मासे असावेत. हा हिशेब खरा ठरण्यासाठी खुणेचे मासे इतरांत नीट मिसळले पाहिजेत, खूण गळता कामा नये, आणि मधल्या काळात मासे आत-बाहेर जाता कामा नयेत. खुणेचे मासे हाताळणीमुळे मेले, तर दुसऱ्या वेळी ते कमी सापडतात आणि तलावात आहेत त्यापेक्षा जास्त मासे असल्याचा भ्रम होतो. मोठ्या सरोवरांत होडीवरून ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरूनही अंदाज बांधतात.

आपल्यासारख्या लहान गटाला मी नोंदवही ठेवण्याचा सल्ला देईन. त्याच आसाचे, तितक्याच लांबीचे जाळे, त्याच ठिकाणी व त्याच ऋतूत ठरावीक तास लावून मिळालेल्या माशांची जात, लांबी व वजन लिहीत जावे. यातून एकूण संख्या कळत नाही, पण ती वाढते की घटते आणि मासे बारीक होत आहेत की कसे, हे काही वर्षांत कळते, आणि निर्णय घेण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते.

प्रश्न : लहान मासे कमी करण्यासाठी बाहेरून एखादा मोठा शिकारी मासा आणून सोडावा का?

उत्तर : मूळचा नसलेला मासा कृपया सोडू नये. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात 1950च्या दशकापासून नाईल पर्च सोडण्यात आला. वीस-पंचवीस वर्षे तो फारसा वाढला नाही, परंतु 1980च्या दशकात त्याची संख्या झपाट्याने वाढली आणि तेथील शेकडो जातींच्या लहान सिक्लिड माशांपैकी बऱ्याच जाती नष्ट झाल्या. पाण्यात खतद्रव्ये वाढून ते गढूळ होणे आणि तळाचा ऑक्सिजन संपणे, हीही त्या ऱ्हासाची कारणे होती. नाईल पर्चमुळे व्यापारी मासेमारी भरभराटीस आली, हेही खरे; पण गेलेल्या जाती परत आणता येणार नाहीत. आपल्या तलावातच मूळचा शिकारी मासा असेल, तर त्याची मासेमारी काही वर्षे थांबवणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

प्रश्न : ढगाळ हवेनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात व काही मरतात. पाण्यात विष मिसळले असावे का?

उत्तर : विषाची शक्यता नाकारता येत नाही, पण पहाटेची वेळ व ढगाळ हवा पाहता ऑक्सिजन कमी पडला असण्याची शक्यता अधिक आहे. 0 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लीटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना केवळ 7.5च्या आसपास. शेवाळ दिवसा ऑक्सिजन निर्माण करते, पण रात्री तेही मासे व जिवाणूंप्रमाणे तो वापरते. ढगाळ दिवसांत निर्मिती घटते आणि पहाटे साठा तळाला जातो. मोठे मासे आधी मरतात, हेही याच कारणाचे एक लक्षण आहे. विषाने बहुधा सर्व आकारांचे मासे व कधी कधी इतर जलचरही मरतात. अशा दिवसांत खाद्य व खत टाकणे बंद ठेवावे, मेलेले मासे लगेच काढावेत, आणि पाणी उडवणारे पंखे किंवा पंप दुपारऐवजी मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतरपर्यंत चालवावेत. ऑक्सिजन मोजायचा असल्यास तोही सूर्योदयाच्या आधी मोजावा, कारण दुपारच्या मोजणीत अशा तलावाचे पाणी उत्तम असल्याचे दिसते.