नवी कार घेतलीस? आधी टायरच्या हवेकडे बघ

सुरुवातीला फक्त हवा सांभाळ, बाकी हळूहळू येईल. दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असतानाच तपास. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. नवखे नेमकी तेवढीच भरतात, मग गाडी खड्ड्यात उडते आणि टायर मधोमध झिजतो.

- स्टेपनीचीही हवा बघ.
- ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नकोस, हळूहळू पंक्चरवाल्याकडे ने. मी उपटला होता. फुस्स आवाज झाला आणि टायर पार बसला.
- नक्षी झिजून खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली. टायर बदलच.

अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचा कोन नीट आहे का ते, सर्व्हिसिंगच्या वेळी बघू.