शेपट्या, दारं आणि लपवलेलं झाकण

वाचकांचे प्रश्न : जुन्या अमेरिकन मोटारी

प्रश्न : मी सांगलीला 34 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझा नातू पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकतो. त्याच्या टेबलासमोर 1959 च्या गुलाबी कॅडिलॅकचं मोठं पोस्टर लावलेलं आहे. त्याच्या मते जगात याहून सुंदर गाडी झाली नाही. मला ती गणपतीच्या मखरासारखी वाटते. मागच्या मडगार्डवरच्या त्या उंच शेपट्यांचा काही उपयोग होता का? आणि डेट्रॉइटला इतकी वर्षं काढलेल्या तुमची स्वतःची आवड कोणती?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, उपयोग नव्हता. वेगात गाडी स्थिर राहते असं तेव्हाच्या जाहिरातींत सांगत, पण रस्त्यावरच्या वेगाला त्याने फरक पडत नाही. तरीही नातवाची बाजू मी थोडी घेणार आहे, कारण त्या शेपट्या कुठून आल्या हे कळलं की त्या निव्वळ मखर वाटत नाहीत.

कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल नावाचे गृहस्थ होते. 1927 साली कंपनीने त्यांच्या हाताखाली गाड्यांच्या रूपाचा स्वतंत्र विभाग काढला. तोवर गाडी इंजिनिअर बनवत आणि दिसायची तशी ती दिसे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अर्ल आपल्या माणसांना घेऊन डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर गेले. तिथे लॉकहीडचं पी-38 हे नवं लढाऊ विमान उभं होतं. दोन इंजिनं, दोन लांब धडं आणि प्रत्येकाच्या टोकाला उभी शेपटी. ते चित्र डोक्यात बसलं आणि युद्ध संपल्यावर 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर उतरलं. ती शेपटी जेमतेम ओंजळीएवढी होती. डिझायनर फ्रँक हर्शी यांनी काढलेली ती रेघ नातवाला जरूर दाखवा. पत्रा मागे जाता जाता किंचित वर उचलला जातो, त्यात दिवा बसतो, आणि बस.

मग स्पर्धा लागली. 1956 च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सचे तरुण डिझायनर चक जॉर्डन क्रायस्लरच्या कारखान्यावरून जात होते. कुंपणाआड पुढच्या सालच्या नव्या गाड्या उभ्या दिसल्या : बुटक्या, सडपातळ आणि शेपट्या तलवारीसारख्या. ते परत आले, सहकाऱ्यांना घेऊन गेले, आणि 1959 साठीची चित्रं नव्याने सुरू झाली. नातवाच्या भिंतीवरची गाडी त्या धक्क्यातून जन्मली आहे. पुढच्याच वर्षापासून शेपट्या उतरू लागल्या आणि 1965 पर्यंत कॅडिलॅकवरून नाहीशा झाल्या.

इथे दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. 1995 पासूनची प्रथा. मी घडीची खुर्ची आणि पाण्याचा थर्मास घेऊन सकाळी सातलाच जागा धरतो. 1959 ची कॅडिलॅक आली की फुटपाथवरची माणसं उभी राहतात, आणि मीही राहतो. जवळजवळ 19 फूट लांबीची गाडी, प्रत्येक शेपटीतून बाहेर आलेले ते दोन टोकदार लाल दिवे. माणसाच्या हाताने मातीच्या नमुन्यात घडवलेलं हे रूप इतक्या निर्धास्तपणे रस्त्यावर आणायला छाती लागते. मखर म्हणा हवं तर. पण मखर करणाऱ्याचा हात चांगला असला की आपण थांबून बघतोच ना?

आता माझी आवड. फोर्ड कंपनीची 1961 ची लिंकन कॉन्टिनेंटल.

तुम्ही चित्रकलेच्या बाई, म्हणून तुम्हाला हे सांगणं सोपं जाईल. हेडलाइटच्या वर पेन्सिल टेकवा आणि मागच्या दिव्यापर्यंत एका दमात रेघ ओढा. मध्ये ती कुठे उडी मारत नाही, बाक घेत नाही. मडगार्डच्या त्या कडेवरून चकचकीत पट्टी जाते आणि बाजूचा पत्रा खाली सपाट उतरतो. त्यावर ना नक्षी, ना भाले, ना बाण. शेजारच्या गाड्या क्रोमने लगडलेल्या असताना डिझायनर एल्वूड एंगल यांनी हे केलं. मुळात त्यांनी मातीचा नमुना फोर्डच्या थंडरबर्डसाठी केला होता. रॉबर्ट मॅक्नमारा, जे पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झाले, ते तेव्हा फोर्डमध्ये वरच्या पदावर होते आणि तोट्यातली लिंकन बंदच करावी या विचारात होते. तो नमुना बघून त्यांनी विचारलं, याला चार दारं करता येतील का? नवी गाडी आदल्या सालच्या लिंकनपेक्षा सुमारे 15 इंचांनी लहान निघाली. ऐषआरामाची गाडी लहान करून विकायची, ही त्या वेळी डेट्रॉइटमध्ये केवढी धाडसाची गोष्ट होती!

आणि तिची दारं. मी 27 वर्षं एका सुट्या भागांच्या कारखान्यात दारांच्या लॅचवर काम केलं, त्यामुळे इथे मला थोडं रेंगाळू द्या. या गाडीची पुढची दारं नेहमीसारखी उघडतात, मागची उलटी. कपाटाची दोन दारं उघडावी तशी. अशी गोष्ट सांगतात की नमुन्याच्या लाकडी सांगाड्यातल्या मागच्या सीटवरून उतरताना इंजिनिअरांचे पाय दाराला अडकत होते, म्हणून बिजागऱ्या मागे नेल्या. बसायला उतरायला त्याने फार सोय होते. साडीतल्या बाईला तर या दारासारखं दुसरं दार नाही. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा एका परिचितांच्या 1962 च्या लिंकनमध्ये बसल्या. वाकणं नाही, निऱ्या सावरणं नाही, पाठमोरं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे.

पण असं दार करणं हे लॅचवाल्याचं दुःस्वप्न. नेहमीचं दार चालत्या गाडीत सुटलं तर समोरचा वारा ते दाबून धरतो. उलटं दार सुटलं तर वारा ते हिसकावून उघडतो. म्हणून त्या लिंकनमध्ये दार नीट लागलं नसेल तर डॅशबोर्डवर दिवा लागे आणि कुलपं इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत. उघड्या टपाच्या मॉडेलमध्ये तर मागचं दार उघडू लागलं की त्याची काच आपोआप थोडी खाली सरके, रबरात अडकू नये म्हणून. कोणाच्या लक्षातही येणार नाही असं काम. मला शेपट्यांपेक्षा ती खाली सरकणारी काच जास्त सुंदर वाटते.

प्रश्न : वडील सांगायचे की मुंबईत कोणा शेठच्या अमेरिकन गाडीत 'फ्रिजसारखी थंड हवा' होती आणि तिचे दिवे समोरून गाडी आली की आपोआप डिप व्हायचे. ही 1950 च्या दशकातली गोष्ट. खरं असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन्ही गोष्टी तेव्हा होत्या.

कारखान्यातून बसवून मिळणारा एसी पहिल्यांदा पॅकार्डने 1940 च्या मॉडेलमध्ये दिला. किंमत 274 डॉलर जास्त. गार हवेची पेटी डिकीत होती, त्यामुळे सामानाची जागा जाई. आणि गंमत अशी की तो बंद करायला बटणच नव्हतं. पंख्याचं बटण असे, पण कॉम्प्रेसर थांबवायचा तर गाडी उभी करा, बॉनेट उघडा आणि पट्टा हाताने काढा. दोन वर्षांत ती सोय मागे पडली, पण वाट दिसली होती. 1950 च्या दशकात कॅडिलॅक, क्रायस्लर सगळ्यांनीच एसी आणला.

दिव्यांचं यंत्र म्हणजे 'ऑट्रॉनिक आय'. 1952 साली कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिलमध्ये आलं. डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात बंदुकीच्या नळीसारखं एक छोटं भांडं, त्यात प्रकाश ओळखणारी नळी. समोरून उजेड आला की हेडलाइट खाली, गाडी गेली की पुन्हा वर. रात्री पुणे-सातारा रस्त्यावर समोरच्या ट्रकच्या झोताने डोळे दिपलेल्या कोणालाही विचारा, हे यंत्र आजही किती हवंय.

चैनीचा कळस बघायचा तर 1957 ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम. किंमत 13,074 डॉलर. त्या वर्षी फक्त 400 झाल्या आणि पुढच्या वर्षी 304. टप स्टेनलेस स्टीलचा, पत्र्याला रंग न देता घासून ठेवलेला. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. सीटला आठवण : दोन जणांच्या बसण्याच्या जागा ती लक्षात ठेवी. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर चुंबकाने चिकटणारे पेले, मागच्या सीटपाशी लिपस्टिक आणि लाँव्हँ कंपनीच्या अत्तराची कुपी. हिचीही मागची दारं उलटी आणि मध्ये खांब टपापर्यंत जात नाही, त्यामुळे चारही दारं उघडली की आख्खी बैठक खुली होते. तिच्या हवेच्या पिशव्या पुढे अनेक मालकांनी काढून साध्या स्प्रिंगा घातल्या. त्यांना दोष देत नाही, पण मूळ पिशव्यांवर अजून चालणारी गाडी दिसली की तिच्या मालकाला नमस्कार करावासा वाटतो.

आणि क्रायस्लरने 1956 मध्ये गाडीत रेकॉर्ड प्लेअर बसवला होता! डॅशबोर्डखाली सरकणारा खण, सात इंची तबकड्या, मिनिटाला 16⅔ फेरे. त्या वेगामुळे एका बाजूवर भरपूर संगीत मावे. तबकड्या वेगळ्या, त्या एकाच कंपनीच्या, म्हणून तो प्रयोग फार चालला नाही.

मी लहान असताना आमच्या इस्लामपुरात एका डॉक्टरांकडे डॉज किंग्सवे होती, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली. तिच्यात यातलं काहीही नव्हतं. पण दार लागलं की 'धप्' असा भरदार आवाज यायचा, आणि तो ऐकायला आम्ही पोरं दवाखान्याच्या ओट्यावर बसत असू.

प्रश्न : आमच्या इंदूरच्या होळकर महाराजांकडे अमेरिकन ड्यूसेनबर्ग होती असं ऐकलं. ती इतकी खास का मानतात?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग एसजे. चासी (खालचा सांगाडा) इंडियानापोलिसची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीची, रंग काळा आणि नारिंगी, स्टिअरिंग उजवीकडे. चासीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 153.5 इंच, म्हणजे पावणेतेरा फूट. एवढ्या लांबीवर नेहमी सात माणसांची बंद गाडी बांधत. महाराजांनी दोघांचीच उघडी गाडी बांधून घेतली. उरलेली सगळी लांबी बॉनेटला आणि मागच्या उताराला. ज्या माणसाने एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा करून घेतला, त्याची नजर या गाडीत स्पष्ट दिसते.

यंत्रही तसंच. 1928 साली आलेल्या मॉडेल जे मध्ये एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह आणि 265 अश्वशक्ती. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) लावलेल्या एसजेची 320. डॅशबोर्डवर तेल बदलायची वेळ झाली की एक दिवा लागे आणि बॅटरीत पाणी बघायची वेळ झाली की दुसरा. आज आपल्या गाड्या स्क्रीनवर सर्व्हिसची आठवण करतात, तेच. कंपनी 1937 मध्ये बुडाली. होळकरांची गाडी तिच्या शेवटच्या काही गाड्यांपैकी एक, आता अमेरिकेत आहे. इंदूरहून कधी इकडे येणं झालं तर इंडियाना राज्यातल्या ऑबर्न गावी जा. ड्यूसेनबर्गच्या भगिनी कंपनीच्या, म्हणजे ऑबर्नच्या, 1930 च्या मूळ शोरूममध्येच संग्रहालय आहे. त्याच गटाची कॉर्ड 810 ही गाडी तिथे जरूर बघा : हेडलाइट मडगार्डमध्ये लपलेले, आणि बाहेर काढायला डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना हाताने फिरवायचे दांडे. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फिरवावे लागतात, म्हणून शेजारी कोणी बसलेलं असलं तर बरं.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी नुकतीच 1956 ची कॅडिलॅक आणली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारूनही मला पेट्रोल भरायचं झाकण सापडलं नाही. विचारायला लाज वाटते.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : डाव्या मागच्या दिव्याखालचं गोल लाल परावर्तक दाबा. दिवा वर उचलला जाईल, झाकण त्याच्या पोटात आहे. कॅडिलॅकने 1941 पासून ही युक्ती ठेवली होती. आणि लाज कसली, शेजाऱ्याला विचारा. तो ते दाखवायची वाटच बघत असेल.

प्रश्न : निवृत्तीनंतर 1960 च्या दशकातली एखादी लिंकन घ्यायचा विचार आहे. काय बघू?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : पहिली गाडी असेल तर बंद टपाची घ्या. उघड्या टपाच्या लिंकनमध्ये टप डिकीत जातो, आणि त्यासाठी डिकीच्या झाकणाची बिजागरी मागच्या टोकाला आहे आणि ते पुढून उघडतं. मोटरी, पंप, रिले, स्विच यांची अख्खी पलटण एका ठराविक क्रमाने चालते. तो नाच बघायला मी तासभर उभा राहीन, पण दुरुस्त करायला अनुभवी हात लागतो. वर्ष निवडायची मुभा असेल तर 1961 ते 63. त्यांच्या बाजूच्या काचा बाकदार आहेत. 1964 मध्ये आतली जागा वाढवताना त्या सपाट केल्या आणि खांद्याची रेघ थोडी जड झाली.

इंजिनाची फार काळजी करू नका, ते होऊन जातं. क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या चौकटी सगळ्या जागेवर आहेत का ते मोजा, कारण हरवलेली एक पट्टी शोधायला वर्ष जातं. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, तेव्हा टोरांटोच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेली गाडी असेल तर खाली आडवं होऊन टॉर्च मारा. आणि चारही दारं स्वतः उघडून लावा. आपटू नका, बोटांनी ढकला. मागचं दार लावताना वर उचलावं लागलं तर बिजागरी झिजली आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे खालचा उंबरा गंजून बसला आहे. मग किंमत कितीही कमी सांगोत, चहा घेऊन परत या.