सॉकेट उघडायचं की जोडायचं?

प्रश्न असा आलाय की झॉर्प (XORP) नावाच्या राउटिंग सॉफ्टवेअरवर, म्हणजे डेटा नेटवर्कमधे कोणत्या वाटेने पाठवायचा ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, प्रोजेक्ट चालू आहे, रिपोर्ट मराठीत आहे, त्यात ‘टीसीपी सॉकेट उघडले’ (सॉकेट म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्कवर बोलायचं टोक, टीसीपी ही बोलायची एक पद्धत) लिहिलं तर सरांनी ते खोडून ‘जोडले’ केलं. कारण काय तर सॉकेट म्हणजे भोक, ते उघडंच असतं, त्याला अजून काय उघडणार.

भो, लॉजिक भारी आहे पण चुकलंय. सर भिंतीवरच्या बोर्डाचा विचार करून राहिले. तिथं तरी आपण जळगाव-धुळ्याकडे सॉकेट कुठं म्हणतो, भोकाला प्लग म्हणतो आणि त्यात खुपसायची ती पिन, बल्बचं असेल तर होल्डर. (मूळ शब्द तर शेतातला निघतो, जुन्या फ्रेंचमधे सॉक म्हणजे नांगराचा फाळ, त्याचं लहान रूप सॉकेट, ते आधी भाल्याच्या फाळासारख्या टोकाला म्हणायचे आणि पोकळी हा अर्थ नंतर आला.)

इथलं उघडणं दार उघडण्यातलं नाहीच, खातं उघडण्यातलं आहे. पतसंस्थेत खातं उघडलं म्हणजे कोणी झाकण काढत नाही ना, आधी नसलेली गोष्ट तयार होते, तुम्हाला एक नंबर मिळतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या नंबरावर. सॉकेटचं डिट्टो तेच. झॉर्पमधे तर हे अजूनच स्पष्ट दिसतं, कारण प्रोटोकॉलची प्रोसेस (राउटिंगचे नियम चालवणारा प्रोग्राम) स्वतः कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, न जाता एफईए नावाच्या मधल्या प्रोसेसला एक्सआरएल (झॉर्पमधे प्रोसेसनी एकमेकींना पाठवायचा निरोप) पाठवून सांगू शकते की मला सॉकेट उघडून दे, एफईए उघडते आणि सॉकेटचा आयडी परत देते, मग डेटा पाठवायचा तो आयडी सांगून आणि समोरून काही आलं की एफईएच कळवते. आडत्यामार्फत माल विकल्यासारखं. काम संपलं की सॉकेट बंद, खातंही बंदच करतात, म्हणजे तिथंही क्रियापद जुळलं.

जोडणं ही वेगळी पायरी आहे. एफईएला जे निरोप देता येतात त्यातल्या एकाचं नावच ‘टीसीपी ओपन बाइंड कनेक्ट’ (उघड, बांध, जोड) आहे, उघडणं म्हणजेच जोडणं असतं तर तीन शब्द कशाला लागले असते? आणि नुसतं ऐकत बसलेलं सॉकेट स्वतः कोणाला जोडलेलं नसतंच, कोणी आलं की त्याच्यासाठी नवीन सॉकेट तयार होतं, जुनं आपलं ऐकतच राहतं.

राहिलं बाइंड, म्हणजे सॉकेटला पोर्ट (मशीनवरचा एक नंबर) ठरवून देणं. ‘बांधणे’ लिहिलं की लोक हसतात, गोठा आठवतो म्हणे. मला तर तेच आवडतं, पोर्ट म्हणजे खुंटा, ज्याला शोधायचंय त्याला माहीत पाहिजे कोणत्या खुंट्याला बांधलंय. बीजीपीचा (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायच्या प्रोटोकॉलचा) खुंटा 179. तेव्हा ‘सॉकेट उघडले, 179 ला बांधले, ऐकायला बसवले’ असं बिनधास्त लिही, आणि समोरच्या राउटरकडे आपण गेलो तर ‘उघडले आणि शेजाऱ्याशी जोडले’. सरांचा शब्दही राहतो, फक्त त्याच्या जागी.