हिरड्यांतून रक्त येतं, तर ब्रश कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला तुमच्या घरी सगळेच हार्ड ब्रश वापरतात, हल्ली तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं, आई मशेरी लावते, आणि आता बॅटरीवरचा महागडा ब्रश घ्यावा का. मी डॉक्टर नाही. देवरुखला माझं मेडिकल आहे आणि ब्रश-पेस्ट देताना हेच प्रश्न रोज कानावर येतात.

बॅटरीचा ब्रश आत्ता राहू द्या. पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेला, लहान डोक्याचा, शेवटच्या दाढेमागे पोचेल असा साधा ब्रश घ्या. खसाखसा घासल्याशिवाय दात साफ झाल्यासारखं आपल्या लोकांना वाटतच नाही. पण रोज साचणारा थर इतका मऊ असतो की नखानंही निघतो. जोर लावला की हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. सुळ्याच्या मागचा दात हिरडीला लागून नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर विहिरीच्या गार पाण्याने जी कळ जाते ती तिथलीच. महिन्याभरात ब्रशचे केस पिंजारले तर हात जड पडतोय असं समजा; एरवी तीन महिन्यांनी बदलला की झालं.

रक्त येतं म्हणून ती जागा सोडून घासू नका, बहुतेक जण नेमकं तेच करतात. थर हिरडीच्या कडेला साचतो, त्याने ती सुजते आणि सुजलेली हिरडी रक्त सोडते. ब्रश तिरका धरा, थोडा दातावर थोडा हिरडीवर, आणि जागच्या जागी हलकेच फिरवा. सगळ्या तोंडाला दोन मिनिटं, दोन वेळा. रात्रीचं अजिबात चुकवू नका, झोपेत लाळ कमी सुटते. एवढं करून पंधरा दिवसांत रक्त कमी झालं नाही तर बहुधा आत कीटण, म्हणजे कडक झालेला थर, धरलंय, ते दंतवैद्यानेच काढावं लागतं.

फटींत मात्र ब्रश शिरत नाही. मासे-मटण खाऊन उठलं की माडाची हीर नाहीतर बांगडीतली सेफ्टी पिन तोंडात जाते, आणि हिरडी टोचली जाते. त्याऐवजी फ्लॉसचा हातभर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत हळूच सरकवा आणि एकेका दाताला बिलगवून खालीवर करा. फटी मोठ्या असतील तर छोटा इंटरडेंटल ब्रश जास्त सोपा.

पेस्ट कुठलीही चालेल, फक्त फ्लोराइडची हवी, १००० पीपीएमच्या आसपास. घासून झाल्यावर थुंका. खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड वाहून जातं. राखुंडी, कोळसा नको, दात झिजतात. कैरी, कोकम सरबत, सोलकढी घेतल्यावर अर्धा तास ब्रश करू नका. आणि पावसाळ्यात ब्रशला टोपण घालून ठेवू नका, तो वाळतच नाही. उभा, उघडा ठेवा.

आता आईंचं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायचं साधन नव्हे. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं त्या म्हणत असतील, आमच्याकडच्या बायकाही तेच सांगतात. ती निकोटीनची सवय असते, म्हणून ओरडून सुटत नाही. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६. तुम्ही स्वतः शेजारी बसून लावून द्या. पण त्याआधी उजेडात त्यांच्या गालाच्या आतली बाजू, ओठामागची जागा आणि जीभ उचलून खालचा भाग बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर ब्रशची खरेदी नंतर करा, आधी त्यांना रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात दाखवून आणा. दुखत नाही म्हणून थांबू नका, तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाहीच.