वाचकांचे प्रश्न : आंब्याची पाने, चांदी आणि सुती कापड

प्रश्न : आंब्याच्या पानांच्या अर्काने झिंक ऑक्साइड केले. त्यावर चांदी चढवताना सिल्व्हर नायट्रेट घातले की तपकिरी छटा येण्याऐवजी पाणी दुधाळ होते आणि उजेडात करडे पडते. काय चुकते? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : बहुधा पाणीच. किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरते. त्यातले क्लोराइड चांदीशी जुळून पांढरे सिल्व्हर क्लोराइड बनते आणि ते उजेडात काळवंडते. हा करडा रंग म्हणजेच चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) असे समजून पुढे जाऊ नका. अर्क न घालता नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. गढूळ झाले तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्या, भांडीही शेवटी त्यानेच विसळा. क्लोराइड आणखी कुठून येते? खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसलेल्या मिठातून, झिंक क्लोराइड वापरले असेल तर त्यातून, आणि सामू (पीएच) मोजायच्या इलेक्ट्रोडमधून. तो पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलेला असतो, न विसळता बुडवू नका.

कृती अशी ठेवा : नीट धुतलेली 10 ग्रॅम पाने चिरून 100 मिली पाण्यात 70 अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवा, गाळा. 2.97 ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट 100 मिली पाण्यात विरघळवून 20 मिली अर्क घाला. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने टाकत सामू 11 वर आणा आणि 70 अंशांवर 2 तास ढवळा. तळाशी बसलेला साका धुवणाचा सामू 7 येईपर्यंत धुऊन वाळवा, मग 400 अंशांवर 2 तास भट्टीत ठेवा. यातून जास्तीत जास्त 0.81 ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकते. वजन त्याहून जास्त भरले तर धुणे किंवा भाजणे कमी पडले. ही भुकटी 100 मिली पाण्यात कालवा, 5 मिली अर्क घाला, सामू 8 करा आणि मगच 17 मिलीग्रॅम सिल्व्हर नायट्रेट टाका.

प्रश्न : आंब्याऐवजी कोकमाची साल चालेल? (गुहागर)

उत्तर : या कृतीत नको. सालीतल्या आम्लात झिंक ऑक्साइड विरघळते. आगळात तर मीठही असते, म्हणजे चांदीचेही नुकसान.

प्रश्न : या भुकटीच्या पाण्यात बुडवलेले सुती कापड जिवाणूंना रोखते, पण धुतल्यावर गुण जातो. (सावंतवाडी)

उत्तर : कण नुसते वर बसलेत. आधी कापड सोडा आणि साबणात उकळून त्यातले मेण काढा. मग सायट्रिक आम्ल व सोडियम हायपोफॉस्फाइटच्या द्रावणात बुडवून पिळा, वाळवा आणि 160 अंशांवर 3 मिनिटे तापवा, म्हणजे आम्ल धाग्याला जोडले जाऊन कण धरून ठेवते. कापड किंचित पिवळते, तेवढे चालवून घ्या. उरलेले आम्ल पूर्ण धुऊन टाका, नाहीतर तेच झिंक ऑक्साइड खाईल; भुकटी त्यानंतरच. चाचणीत नुसत्या अर्कात बुडवलेला तुकडाही ठेवा, कारण पानांतले टॅनिन स्वतःही जिवाणूंना रोखते. तो तुकडा नसेल तर श्रेय कणांना देता येणार नाही.

प्रश्न : रंगाईचे सांडपाणी या भुकटीने निवळून खाडीत सोडता येईल? (चिपळूण)

उत्तर : नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीत लिटरमागे 10 मिलीग्रॅम मिथिलीन ब्लू हा निळा रंग असतो. रंगाईच्या हौदात त्याच्या कित्येक पट रंग, शिवाय मीठ आणि सोडा. रंग गेला म्हणजे तो तुटलाच असेही नाही, तो कणांवर नुसता चिकटलेला असू शकतो. म्हणून आधी अर्धा तास अंधारात ढवळून पाण्यात उरलेला रंग मोजा, मग उन्हात ठेवा. रंग तोडायला झिंक ऑक्साइडला उन्हातले अतिनील किरण लागतात, त्यामुळे आषाढातल्या आभाळात वेग फार मंदावतो. आणि विरघळलेली चांदी मासे व शेवाळाला विषारी आहे. चांदीचे उरलेले द्रावण मोरीत न ओतता गडद बाटलीत, नाव लिहून साठवा आणि प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.