पाळीव प्राण्यांच्या मालकांवर कायद्याने जास्त जबाबदारी टाकावी का?
हो, टाकावी. मी स्वतः कुत्रा पाळतो, तरीही.

'आमचा काही करत नाही हो' हे वाक्य बहुतेक वेळा चावण्याच्या जरा आधीच ऐकू येतं. मग जखम 15 मिनिटं साबणाने धुवा, लशीचे डोस घ्या, कामावर खाडे करा, कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा. हे सगळं ज्याला चावलं त्याच्याच खिशातून का? जर्मनीच्या नागरी संहितेतलं कलम 833 मला म्हणूनच पटतं. हौसेने पाळलेल्या प्राण्याने नुकसान केलं, तर मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. भरपाई त्याच्याच गळ्यात. बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये तर कुत्र्याने केलेलं नुकसान भरून देणारा विमा काढणं मालकाला सक्तीचंच आहे.

मायक्रोचिपही हवी. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना 2016 पासून आणि मांजरांना 2024 पासून ती सक्तीची आहे. प्राणी सोडून दिला तरी चिपमधल्या नंबरावरून मालक सापडतो (पत्ता बदलल्यावर नोंद बदलली असेल तर!).

मात्र नोंदणीची फी अवाच्या सवा वाढवली, की लोक नोंदणीच करत नाहीत. काही जण तर म्हातारा कुत्रा रात्री गाडीत घालून लांब सोडून येतात. त्यामुळे नोंदणी, लस आणि नसबंदी स्वस्तच ठेवावी. पैसे वसूल करायचे ते नुकसान झाल्यावर, आणि तेव्हा पूर्ण.